सुई पन्नासवर

काका औष्णिक वीजकेंद्रात नोकरीला होते. कंट्रोल रूममध्ये, पाळीनं. मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा मला त्यांच्याबरोबर आत जायला मिळालं. वीज जिथे तयार होते तिथे ठिणग्या उडत असतील, काहीतरी लखलखत असेल अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात होती एक थंडगार, लांबलचक खोली, भिंतभर करड्या रंगाचं पॅनेल आणि त्यावर ओळीनं बसवलेली काट्यांची मीटरं. काका त्यातल्या एकाच मीटरकडे सारखे बघत होते. माझ्याशी बोलतानाही नजर तिकडेच. त्या मीटरची सुई पन्नासच्या आकड्यावर थरथरत होती. जराशी अलीकडे, जराशी पलीकडे, पुन्हा पन्नास.

"ही इथेच राहिली पाहिजे," ते म्हणाले. "बाकी सगळं नंतर."

"आणि नाही राहिली तर?"

"लोड वाढला आणि तेवढी वीज तयार झाली नाही की ही खाली यायला लागते. फार खाली आली की सेट, म्हणजे टर्बाइन आणि जनित्राची जोडी, ट्रिप होतो, आपोआप बंद पडतो. एक पडला की त्याचा भार दुसऱ्यावर, मग तोही पडतो. अगं, वीज गोदामात भरून ठेवता येत नाही. कुणी बटण दाबलं की त्याच क्षणी ती कुठेतरी तयार व्हावी लागते."

एखादा अख्खा देश कोळसा, तेल, वायू सोडून सूर्य, वारा आणि पाण्यावर चालू शकेल का, हा प्रश्न गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यात आहे. त्याबद्दल मिळेल ते वाचते, जाणकारांना विचारते. बहुतेक वाद 'पुरेल का?' इथेच अडकून पडतात. एवढी ऊर्जा आणायची कुठून, जागा किती लागेल, वगैरे. मला मात्र दर वेळी ती थरथरती सुई आठवते. 'किती' या प्रश्नाचं उत्तर त्यामानानं सोपं आहे. सगळा जीव अडकलाय तो 'केव्हा'मध्ये.

तरी आधी 'किती'बद्दल. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक सायकल ठेवली होती. मागचं चाक अधांतरी, त्याला डायनमो आणि डायनमोला शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा. मी जीव खाऊन पायडल मारले. आधी तार नुसती लालसर झाली, मग दिवा पेटला आणि मिनिटभरात माझ्या पोटऱ्या भरून आल्या. पुढे कधीतरी हिशोब केला, की तो दिवा तसाच दहा तास पेटता ठेवला तर एक युनिट होतं. धडधाकट माणसाची दिवसभराची अंगमेहनत म्हणजे एक युनिट! आपण ती मेहनत काही मिनिटांच्या गरम पाण्यात घालवतो आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. त्यामुळे कोळशाला नुसतं दूषण देणं मला कधी जमलं नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ऊन जमिनीखाली दगड होऊन पडलं होतं. माणसानं ते उकरून जाळलं आणि त्याच्या पाठीवरचं केवढं ओझं उतरलं. फक्त त्याचा कार्बन हवेत साठत गेला आणि ती उधारी आता दारात उभी आहे.

आजचं ऊन काही कमी नाही. निरभ्र दुपारी एक चौरस मीटर जमिनीवर सुमारे १००० वॅटचं ऊन पडतं. चांगलं पॅनेल त्यातला पाचवा हिस्सा विजेत बदलतं. म्हणजे टेबलाएवढ्या काचेत दोन सायकलस्वार बसलेले, न थकणारे. २०१० ते २०२० या दहा वर्षांत सौरविजेचा खर्च जगभरात ऐंशी टक्क्यांहून अधिक उतरला. मी शाळेत असताना सौर पॅनेल ही कॅल्क्युलेटरवर आणि उपग्रहावर दिसणारी वस्तू होती. इतक्या झपाट्यानं स्वस्त झालेली ऊर्जेची दुसरी वस्तू मला तरी आठवत नाही.

शिवाय आज जळतंय तेवढं सगळं भरून काढायचं नाहीये. काकांच्या केंद्रातले ते कमरेत बारीक, अवाढव्य कूलिंग टॉवर आठवतात. त्यांतून निघतो तो पांढरा ढग म्हणजे धूर नव्हे, वाफ असते. मालगाडीच्या तीन वाघिणी कोळसा जाळला तर जेमतेम एका वाघिणीची वीज होते. उरलेल्या दोन वाघिणींच्या उष्णतेचा मोठा भाग त्या ढगातून निघून जातो. पेट्रोलच्या गाडीची गत याहून वाईट. टाकीतल्या इंधनाचा तीन-चतुर्थांश भाग उष्णता होऊन वाया जातो आणि उरलेल्यावर चाकं फिरतात. विजेच्या मोटरीत हे नुकसान किरकोळ असतं. थंड देशांत घरं तापवायला आता हीट पंप लावतात. तो बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणतो, त्यामुळे एक युनिट वीज घालून तीन युनिट ऊब मिळते. जाळणं थांबलं की देशाची भूकच कमी होते. लोक हिशोब मांडताना हे बहुधा विसरतात.

आता 'केव्हा'.

सुरुवात सेकंदापासून करावी लागते, कारण काकांची सुई सेकंदात हलते. त्यांच्या सेटचा रोटर, म्हणजे जनित्राचा फिरणारा भाग, मिनिटाला ३००० फेरे घ्यायचा. म्हणजे सेकंदाला पन्नास, आणि तेच ते सुईवरचे पन्नास. यालाच फ्रिक्वेन्सी म्हणतात. ग्रीडवरचे, म्हणजे विजेच्या एकाच जाळ्यावरचे, असे सगळे अजस्र रोटर एकमेकांशी विजेनं जखडलेले असतात आणि एका लयीत फिरतात. कुठे एक सेट अचानक बंद पडला तर बाकीचे स्वतःच्या फिरण्यातली थोडी ताकद देऊन ती खोट भरतात, हळूहळू मंदावतात आणि तेवढ्यात माणसाला किंवा यंत्राला सावरायला वेळ मिळतो. जड जात्याचा खुंटा सोडला तरी ते चटकन थांबत नाही, तसंच. सौर पॅनेलमध्ये काहीच फिरत नाही. जातंच काढून टाकलं तर तो सावरायचा वेळ आणायचा कुठून?

९ ऑगस्ट २०१९ ला ब्रिटनमध्ये एका वीजवाहिनीवर आकाशातली वीज कोसळली आणि पाठोपाठ एक वायूवर चालणारं केंद्र आणि समुद्रातलं एक पवन केंद्र जवळजवळ एकदम बाजूला झालं. फ्रिक्वेन्सी ४८.८ वर आली. उरलेलं ग्रीड वाचवण्यासाठी यंत्रणेनं आपोआप सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज तोडली. वीज तासाभराच्या आत परत आली. पण काही रेल्वेगाड्या तासन्‌तास रुळांवरच उभ्या राहिल्या, कारण एवढी कमी फ्रिक्वेन्सी दिसल्यावर त्यांच्या सॉफ्टवेअरनं असहकार पुकारला होता आणि तंत्रज्ञ गाडीपर्यंत पोहोचल्याशिवाय त्या सुरूच होईनात. हे वाचलं तेव्हा ४८.८ हा आकडा मी काकांना फोन करून सांगितला. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते एवढंच म्हणाले, "त्या पाळीत कोण होतं गं बिचारं."

दक्षिण ऑस्ट्रेलियाची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते, कारण तिथल्या लोकांनी पडल्यावर धडा घेतला. २८ सप्टेंबर २०१६ च्या वादळात तिथले विजेचे मोठे मनोरे पिळवटून पडले, पवनचक्क्यांच्या संरक्षक यंत्रणांनी स्वतःला तोडून घेतलं आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. पवनचक्क्या नकोतच, असा ओरडा झाला. तिथे मात्र त्या यंत्रणांची सेटिंगं बदलली आणि सव्वा वर्षाच्या आत हॉर्न्सडेलला १०० मेगावॅटची बॅटरी उभी राहिली. तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी लिथियम-आयन बॅटरी होती. २०१७ च्या डिसेंबरात सुमारे हजार किलोमीटर दूरच्या कोळशाच्या केंद्रातला एक सेट पडला. बॅटरीनं डोळ्याचं पातं लवायच्या आत ग्रीडमध्ये वीज सोडली. पुढे तिथे सिंक्रोनस कंडेन्सर बसवले. हे यंत्र म्हणजे जनित्रासारखंच प्रचंड फिरतं धूड, पण त्याला ना बॉयलर ना इंधन. ते नुसतं ग्रीडबरोबर फिरत राहतं आणि धक्के झेलतं. आज त्या राज्याची सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज ऊन आणि वाऱ्याची आहे. काकांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे कोळसा काढला आणि रोटर ठेवला," ते म्हणाले. "हे पटतं."

२८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल एकदम बंद पडले, तेव्हा सगळं खापर सौरऊर्जेवर फुटलं. तपासात कारण निघालं ते आवाक्याबाहेर चढत गेलेल्या व्होल्टेजचं. पॅनेलची वीज ग्रीडजोगी करणाऱ्या आजच्या इन्व्हर्टरना व्होल्टेज सावरता येतं. पण तिथल्या नियमांत सौर आणि पवन केंद्रांकडून ते काम मागितलंच जात नव्हतं. नवं यंत्र बसवायचं आणि नियम जुन्या यंत्राचे ठेवायचे, याला मी यंत्राचा दोष म्हणणार नाही.

सेकंदाचं कोडं सुटत आलंय. संध्याकाळचंही. सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे लागतात. या तीन-चार तासांसाठी बॅटरी पुरते. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये बॅटऱ्यांची क्षमता १०,००० मेगावॅटच्या पुढे गेली आणि काही संध्याकाळी ग्रीडला सर्वांत जास्त वीज पुरवणारा स्रोत बॅटरी हाच होता. दुपारचं ऊन रात्री आठला वापरणं ही पाच-सात वर्षांपूर्वी भाषणात सांगायची गोष्ट होती.

झोप उडते ती आठवड्याच्या हिशोबानं. जर्मन भाषेत एक शब्द आहे, डुंकेलफ्लाउटे. काळोखी निवांतपणा म्हणा. हिवाळ्यात कधीकधी ढग हटत नाहीत आणि वारा पडतो, तेही दिवसचे दिवस, आणि एकाच वेळी शेजारच्या चार देशांत. वाऱ्याचा हिशोब फार कठोर असतो. त्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ताकद निम्मी न होता आठव्या हिश्शावर येते. अशा वेळी चार तासांची बॅटरी म्हणजे दर्या में खसखस. मग आठवते ती जुनी युक्ती, पाणी डोंगरावर चढवून ठेवायची. वेल्समध्ये डिनॉर्विगला पाटीच्या दगडाची एक बंद पडलेली खाण होती. त्या डोंगराच्या पोटात १९८४ मध्ये वीजकेंद्र सुरू झालं. वीज स्वस्त असते तेव्हा वरच्या तळ्यात पाणी चढवायचं, लागेल तेव्हा सोडायचं. यंत्रं आधीपासून फिरती ठेवलेली असली तर १२ सेकंदांत १३०० मेगावॅट देतात. पण हिशोब करून बघा, एक युनिट साठवायला एक टन पाणी ३६७ मीटर उंच न्यावं लागतं. असे डोंगर आणि अशा दऱ्या सगळ्या देशांच्या नशिबी नसतात. आणि जिथे असतात, तिथे दरीत कुणाचं तरी गाव असतं.

आपल्याकडे नसेल तर शेजाऱ्याकडे असतं, हे डेन्मार्कनं ओळखलं. १९७३ च्या तेलसंकटात त्या देशाची जवळजवळ सगळी ऊर्जा आयात तेलावर होती. रविवारी मोटारी चालवायला बंदी घालावी लागली होती. आज त्याची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्याची आहे. वारा जोरात असला की समुद्राखालच्या केबलमधून वीज नॉर्वेला जाते आणि नॉर्वे आपल्या धरणांतलं पाणी राखून ठेवतो. वारा पडला की नॉर्वेचं पाणी वीज होऊन डेन्मार्कला येतं. उरुग्वेनं हेच आपल्या हद्दीत केलं. तिथे धरणं आधीपासून होती, पण दुष्काळ पडला की तेल विकत आणून जाळावं लागायचं. २००८ मध्ये रामोन मेंदेस गालाइन हे भौतिकशास्त्रज्ञ ऊर्जा खात्याचे संचालक झाले. २०१० मध्ये सगळ्या पक्षांनी ऊर्जेच्या एकाच आराखड्याला मान्यता दिली. दहाएक वर्षांत पवनऊर्जा जवळजवळ शून्यापासून एक-तृतीयांशाच्या आसपास पोहोचली आणि बहुतेक वर्षी तिथली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज नवीकरणीय असते. धरणं साठवणीचं काम करतात, वारा पाणी वाचवतो. मला यातलं तंत्रज्ञान तेवढं मोठं वाटत नाही. सरकारं बदलली आणि आराखडा टिकला, हे मोठं वाटतं.

डेन्मार्कचाच एक माणूस माझा लाडका आहे, पॉल ला कूर. १८९१ मध्ये आस्कोव्ह गावच्या या शिक्षकानं पवनचक्कीला डायनमो जोडला. लगेच त्याच्यापुढे तोच प्रश्न उभा राहिला, की वारा नसेल तेव्हा काय? त्यानं विजेनं पाण्याचं विघटन करून हायड्रोजन टाकीत साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. हायड्रोजनमध्ये थोडासा ऑक्सिजन मिसळला की स्फोट व्हायचा. शाळेच्या खिडक्यांच्या काचा त्याला अनेकदा बदलाव्या लागल्या म्हणतात. काच बदलायची आणि पुन्हा टाकी भरायची! सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी हिवाळ्यासाठी वीज साठवायचा विचार करणारे लोक आजही त्याच टाकीपाशी येऊन थांबतात. काचा आता फुटत नाहीत, पण विजेचा हायड्रोजन आणि हायड्रोजनची पुन्हा वीज करताना तीन युनिटांतलं जेमतेम एक हातात उरतं.

म्हणून मला वाटतं, वीजनिर्मितीतला पहिला ऐंशी-नव्वद टक्के बदल आज हातातल्या साधनांनी होण्यासारखा आहे. शेवटचा तुकडा खरोखर अवघड आहे. तो अवघड आहे म्हणून पहिल्याला हात लावायचा नाही, हे मात्र मला मान्य नाही. शेवटच्या तुकड्यासाठी काही केंद्रं राखीव ठेवावी लागली, वर्षातले थोडे दिवस वायू जाळावा लागला, तर जाळावा. अणुऊर्जाही मी नाकारणार नाही. फ्रान्सनं १९७४ मध्ये ठरवलं आणि पंधरा-सोळा वर्षांत आपली तीन-चतुर्थांश वीज अणुभट्ट्यांवर नेली. एवढ्या वेगानं एवढा मोठा देश क्वचितच बदलला असेल. जर्मनीनं १५ एप्रिल २०२३ ला उरलेल्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तेव्हा तिथली लिग्नाइटची, म्हणजे हलक्या प्रतीच्या कोळशाची, केंद्रं धूर सोडत होती. हा क्रम मला आजही चुकीचा वाटतो. त्याच देशात उत्तरेकडची वाऱ्याची वीज दक्षिणेकडच्या कारखान्यांना न्यायची सातशे किलोमीटरची वाहिनी २०२२ पर्यंत व्हायची होती. विरोध झाला, मनोऱ्यांऐवजी जमिनीखालून न्यायचं ठरलं आणि मुदत २०२८ वर गेली. पवनचक्की वर्ष-दोन वर्षांत उभी राहते. तिची तार पोहोचायला दशक लागतं.

आणि आत्तापर्यंत मी बोलले ते फक्त विजेबद्दल. जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेत विजेचा वाटा पाचवा हिस्सा असेल-नसेल. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी भाजली की त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, शंभर किलोमागे चव्वेचाळीस किलो. तिथे भट्टी उन्हावर चालवली तरी दगड आपला गुण सोडत नाही. पोलादात थोडी आशा आहे. स्वीडनमध्ये २०२१ साली कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून काढलेल्या लोखंडाचं पोलाद तयार झालं. लिथियम, तांबं, कोबाल्टच्या खाणींचा प्रश्न खरा आहे, तिथल्या मजुरांचे हाल खरे आहेत आणि ते झाकून हरित म्हणवून घेणं चूक आहे. पण जग दरवर्षी आठ अब्ज टनांहून जास्त कोळसा जाळतं. तो एकदाच जळतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच उकरावा लागतो. तांबं वितळवून पुन्हा वापरता येतं.

काकांचा सेट बंद झाला तेव्हा ते निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. सेट जुना झाला होता, दुरुस्ती परवडेना. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते गेले. परत आल्यावर दोन दिवस फारसं बोलले नाहीत. मग म्हणाले, "कायमची माणसं दुसरीकडे गेली. कंत्राटी होती त्यांना कुणी विचारलंही नाही." राख उचलणारे, कोळशाच्या पट्ट्यावर उभे राहणारे. त्यांतल्या कित्येकांना काका नावानं ओळखायचे. मी इतकी वर्षं मेगावॅट आणि टक्के वाचत होते, पण हा आकडा मी कधी शोधलाच नव्हता.

मग शोधायला लागले. ब्रिटनमध्ये १९८४-८५ च्या संपानंतर कोळशाच्या खाणी भराभर बंद झाल्या आणि खाणीभोवतीची गावंच्या गावं उजाड झाली. चाळीस वर्षांनंतरही ती जखम पुरती भरलेली नाही. जर्मनीत दगडी कोळशाच्या खाणींचं तसं केलं नाही. २००७ मध्ये ठरवलं की २०१८ ला अनुदान थांबेल आणि मधली अकरा वर्षं माणसांसाठी ठेवली. कुणाला लवकर निवृत्ती, कुणाला नवं शिक्षण, कुणाला दुसऱ्या खाणीत बदली. २१ डिसेंबर २०१८ ला बॉट्रॉपच्या शेवटच्या खाणीतून शेवटचा कोळशाचा तुकडा वर आला. खाणकामगारांनी तो राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हातात दिला. त्याचे फोटो मी काकांना दाखवले. काळवंडलेले चेहरे, पांढरे कपडे, डोळ्यांत पाणी. काका फोटोत त्या तुकड्याकडे बघतच नव्हते. "हेल्मेट सगळ्यांची एकसारखी आहेत," ते म्हणाले. बहुधा त्यांना म्हणायचं होतं की यात कंत्राटी कोण, ते ओळखू येत नाही.

३० सप्टेंबर २०२४ ला ब्रिटनचं रॅटक्लिफ-ऑन-सोर हे कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र बंद झालं. लंडनमध्ये १८८२ साली कोळशाच्या विजेचं पहिलं सार्वजनिक केंद्र सुरू झालं होतं, त्याला १४२ वर्षं झाली. २०१२ मध्ये त्या देशाची चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची होती, बारा वर्षांत ती शून्यावर आली. मी काकांकडे गेले होते तेव्हा फोनवर ब्रिटनच्या ग्रीडची त्या क्षणाची आकडेवारी उघडून त्यांच्यापुढे धरली. वारा इतका, वायू इतका, अणू इतका. कोळशापुढे शून्य.

काकांनी चष्मा लावला, फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला आणि त्या शून्याकडे बराच वेळ बघितलं. आयुष्याची तीस वर्षं त्या ओळीत घालवलेला माणूस. काय बोलावं ते मला सुचेना.

"यात फ्रिक्वेन्सी दाखवत नाहीत का?" त्यांनी विचारलं.

मी बोटानं पान खाली सरकवलं. तिथे आकडा होता. ४९.९७. बघता बघता ४९.९९ झाला. मग ५०.०२.

"तब्येत कशी आहे काका? गुडघा काय म्हणतो?" मी विचारलं.

"बरा आहे गं," ते म्हणाले. नजर तिकडेच होती.